दौंडला दिलेलं रक्त

१ मार्च, सकाळी ७
माझी हळद २६ एप्रिलला. हळदीला नवरदेव बनियनवर बसतो आन् अख्खं केंदूर गाव त्याची कोपरं चोळतं. माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस. लाल चट्टे, वर पांढरी खपली. होणाऱ्या बायकोला, प्राचीला, सांगितलेलं न्हाई. कंपनीत मी क्वालिटीला हाय, एवढासा चरा दिसला की पीस रिजेक्ट. तिनं मला तसं करू नये एवढंच.

३ मार्च
शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग नुसता चामडीचा न्हाई, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्याच अंगावर उठल्यात. मलम, गोळ्या, रक्त तपासणी. मलम चिकट. गोळ्यांचं लग्नानंतर बघू. पेशींना मीच वठणीवर आणणार. चहा बंद, रोज पाच किलोमीटर पळणं.

रक्त शिरूरला दिलं न्हाई. तिथल्याच लॅबमध्ये प्राची मशीनवर असते. मी काय येडा हाय का? बाईक काढली, दोन तासात दौंड. तिथल्या लॅबच्या काउंटरवरचे महबूबमामा भला माणूस, जास्त विचारत न्हाईत.

६ मार्च
रिपोर्ट मोबाईलवर. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हंजी दोन जातीच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण, २.४. सीआरपी, म्हंजी अंगातल्या सुजेचा आकडा, ९. नेटवर वाचलं, दोन्ही चढले की बहुतेक सोरायसिस जोरात. म्हंजी उतरवायचे. सोपं हाय.

२० मार्च
परत दौंडला रक्त दिलं. ३.१. सीआरपी १३. कारण उघड हाय, मिसळ खाऊन गेलो होतो.
टेन्शननं पेशी चवताळतात म्हणे. म्हणून चहा चालू केला. पळणं सोमवारपास्नं.

२ एप्रिल
गुडघ्यावर चट्टा. कोपरावरचा खाली सरकला असणार. चांगलं लक्षण.
कोपर बघितलं. तिथला तिथंच हाय.

९ एप्रिल
४.२. सीआरपी १९. महबूबमामांना झापलं, मशीन बिघडलंय तुमचं. ते म्हणाले, मशीन इथं न्हाईच. इथं फक्त रक्त काढतात, दुपारच्या गाडीनं सगळं शिरूरच्या लॅबला जातं. आयला! रिपोर्टच्या तळाशी बघितलं. तपासणारी, प्राची. तिन्ही रिपोर्टवर.

१० एप्रिल
तिनं नाव बघितलं नसेल. सम्राट नावाची पोरं तालुक्यात पुष्कळ. वय तेच, गाव तेच, मोबाईल नंबरही तोच, अशी जरा कमी असतील.

१२ एप्रिल
लॅबबाहेर गाठली. भाषण पाठ केलं होतं, नऊ मुद्दे. पहिल्यालाच थांबवलं. सहा मार्चलाच कळलं होतं म्हणे, रक्तासोबत गेलेल्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर रोगाचं नाव होतं. चट्ट्यांचं तिला काही न्हाई, हा रोग कुणाला लागत न्हाई हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण पाच आठवडे रोज फोनवर तब्येत विचारत होती, मी सांगेन म्हणून. मी रोज म्हणालो, एक नंबर. आता अशा माणसाशी लग्न करायचं का, याचा विचार करतीये.
गाडीपाशी येऊन रडलो. हेल्मेट घालून.

१३ एप्रिल
तिचा मेसेज. उद्या जयंती, दवाखाना बंद. परवा दहाला डॉक्टरीणबाईंकडं ये. बाकी काही न्हाई. मी चार वेळा फोन केला. उचलला न्हाई.

१५ एप्रिल, सकाळी ११
बाकावर बसलोय. माझ्या आधी सतरा पेशंट. प्राची शेजारी, सुट्टी टाकून आलीये. तासभर झाला. मघाशी म्हणालो, कंटाळली असशील तर जा. ती गेली न्हाई. परत तसं म्हणायची माझी हिंमत न्हाई.