तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या

प्रिय काडी,

या नावाने आता तुला मी एकटाच हाक मारतो. बाकीच्यांना ती थट्टा वाटते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून तोच तू आहेस, एका हाताने चड्डी सावरत पळणारा. आई तुझा दंड चिमटीत धरून डॉक्टरांना सांगायची, याच्या अंगाला काही लागतच नाही हो! डॉक्टर टॉनिक द्यायचे आणि गोड असायचं म्हणून ते मी संपवायचो. तरी दोघंही काटकुळेच राहिलो. दूध आणायला पळ, विसरलेली पिशवी आणायला परत पळ, चार मजले चढून वर आलं की आईला मीठ आठवायचं. भूक वेळेवर यायची आणि जेवलं की मुकाट निघून जायची.

तुझी लेक रोज इथे नाट्यगृहात तालमीला येते. शनिवारी तिचा पहिला प्रयोग. तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची बाबांसाठी ठेव, असं तिने मला बजावलं आणि लगेच मान खाली घालून म्हणाली, पण काका, बाबांना सुट्टीच नाही म्हणे. मी हं म्हटलं. तुझं ऑफिस शनिवारी बंद असतं, हे तिलाही ठाऊक आहे रे.

सध्या इथल्या खुर्च्या बदलतोय. जुनी अठरा इंची, नवी एकवीस. चौदा माणसांच्या रांगेत आता बारा बसतील. व्यवस्थापक म्हणतात, काळजी नको, डोकी घटली तरी वजनात आपण तेवढेच भरू! हसलो खरा, पण मग तुझं ऑफिस आठवलं. दहा तास फोनवर परक्यांच्या शिव्या खायच्या, त्या शिव्यांसोबत डब्यातलं काय गिळलं ते कळायचं नाही, घरी येईतो जीव इतका थकलेला की जेवण दारात मागवायचं. आणि जिना? तो सुरक्षेसाठी बंद. जिन्याला कुलूप घालायचं आणि माणसाला सांगायचं, तोंड आवर! मीही तेच म्हणत आलो. माझी कंबर माझ्या चारित्र्यामुळे टिकली असं मला वाटायचं. ती टिकली खुर्च्यांखाली सरपटल्यामुळे. त्याचा मला पगार मिळतो.

दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात तुझ्या लेकीचा बक्षीस समारंभ होता. टाळ्या वाजवायला तू उठलास आणि खुर्ची तुझ्याबरोबर उठली. मी पाना घेऊन धावत आलो, आणि सोडवायच्या आधी मोठ्याने म्हणालो, अरे, काडीची पेटी झाली की! अख्खी रांग हसली. सगळ्यांत मोठ्याने तू हसलास. स्टेजवर बक्षीस धरून उभी असलेली तुझी लेक तेवढी हसली नाही. त्यानंतर तू इथे पाऊल टाकलं नाहीस. तुझी बायको सांगत होती, साखर तपासायलासुद्धा जात नाहीस. दवाखान्यातल्या अरुंद खुर्च्यांची धास्ती घेतलीस म्हणे. मी एका वाक्यात तुझं नाटक बंद केलं, आणि डॉक्टरही.

चुकलो रे. फोनवर बोलायला गेलो असतो तर पुन्हा काहीतरी चुरचुरीत बोलून बसलो असतो. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र. तिसऱ्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्यांच्या हातांना मी बिजागऱ्या बसवल्यात. हात वर केले की दोन खुर्च्यांचा सलग बाक होतो. एकट्या तुझ्याच खुर्चीला केलं असतं तर लोक बघत बसले असते. आता अख्खी रांगच तशी आहे. परीक्षा म्हणून व्यवस्थापकांना बसवून पाहिलं, तर ते तिथेच घोरायला लागले. पडदा सहाला. पावणेसहाला दिवे मंद असताना बाजूच्या दाराशी मी उभा असेन, एक शब्द न बोलता. तुझ्या लेकीला नाटकातलं पहिलं वाक्य समोर बघून म्हणायचं आहे. तालमीत ती ते रोज रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणते. शनिवारी तसं होऊ देऊ नकोस.

तुझाच,
दादा