सात नंबरचा खेळाडू

अप्पा, मागच्या आठवड्यात मी एका परिषदेत निबंध वाचला आणि भरल्या सभेत खोटं बोललो. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही सांगायला गेलो नाही, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी बीडला बी.एड.च्या कॉलेजात शिकवतो, दोन खोल्यांत एकटा राहतो, आणि माणसं खेळता खेळता एकमेकांकडून काय शिकतात, यावर पीएच.डी. करतो. खेळ संगणकावरचा आहे. फोनच्या लाइनीवरून देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्यात येतात. चित्रं नाहीत, नुसते शब्द. पूर्वेला जा, दार उघड, दिवा लाव, असं इंग्रजीत टाइप करायचं आणि पुढं काय झालं ते वाचायचं. आमच्याकडं एसटीडीचा बूथ होता, त्याच्या मालकानं आता आत आठ संगणक मांडून नेट कॅफे केलाय. पॉलिटेक्निकची सहा मुलं तिथं खेळायला येत. कॉलेज सुटलं की मी त्यांच्या मागं खुर्ची टाकून वहीत टिपणं काढायचो.

महिनाभर नुसतं बघितलं. मग एकदा एक मुलगा आला नव्हता, त्याच्या जागी बसलो. मला काहीच येत नव्हतं. आत शिरल्या शिरल्या एका विहिरीत पडलो आणि तिथंच अडकलो. तेवढ्यात वैद्याचं सोंग घेतलेला कुणी एक खेळाडू वरून दोर सोडून म्हणाला, नवा दिसतोस, चल माझ्याबरोबर. तो कुठल्या देशाचा, बाई की बुवा, मला आजही ठाऊक नाही. दाराशी आलो की तो थांबायचा. पलीकडं काय आहे ते सांगायचा नाही, माझं मला उघडू द्यायचा. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यानं विचारलं, काल लवकर गेलास, बरा आहेस ना? अप्पा, असं मला बीडमध्ये कुणी विचारत नाही. मी रोज जायला लागलो. माझे मार्गदर्शक सर कडक शिस्तीचे. संशोधकानं खेळाच्या बाहेर राहायचं, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून निबंधात मी सहा मुलांना एक ते सहा नंबर दिले आणि स्वतःला सात नंबर देऊन परक्या माणसासारखं लिहिलं.

परिषद परगावी, विद्यापीठात होती. माझी पाळी जेवणानंतर आली. वीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी पेंगत होती. मी एकेक पारदर्शिका पडद्यावर दाखवत बोललो. नवखा माणूस सूचना वाचून शिकत नाही, कुणीतरी त्याच्यासाठी थांबतं म्हणून शिकतो, असं माझं म्हणणं होतं, आणि त्याला सगळ्यात जास्त आधार सात नंबरच्या नोंदींचा होता. पुढच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठले. त्यांनी विचारलं ते सरळच होतं, कुचकं नव्हतं. "बाकीची सहा तरुण मुलं आहेत, समजू शकतो. पण हा सात नंबरचा माणूस चाळिशीकडं आलेला. रोज तिथं जाऊन बसतो. याला घरी कुणी नाही का?"

सभेत थोडं हसू झालं. मीही हसलो. म्हणालो, "त्याच्या घरची माहिती घेतली नाही, सर."

परतीच्या एसटीत मला तुमचा चेहरा दिसायला लागला. आई जाऊन महिना व्हायचा होता. मी बारा वर्षांचा. उमापूरच्या आपल्या कापडदुकानाच्या ओट्यावर दुपारची सावली आलीय, आणि तुम्ही, समोरचे शिंपीकाका, कासारकाका आणि म्हातारे तलाठी सोंगट्यांचा पट मांडून बसलाय. तुमच्या कपाळावर भस्माचे पट्टे आहेत, हातात कवड्या आहेत. शिंपीकाका काहीतरी बोलतात आणि तुम्ही हसता. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "माय जाऊन महिना न्हाई झाला आन् तुमी खेळता?" तुम्ही कवड्या खाली ठेवल्या आणि उठून दुकानात जाऊन बसलात. त्यानंतर तुम्ही पटावर बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, अप्पा. आपण आईची बाजू घेतली असं वाटलं होतं.

गेवराईला एसटी थांबली तेव्हा मी उतरलो आणि उमापूरची जीप धरली. तिथं आपलं आता काही नाही. दुकानात खताचा व्यापारी आहे. पण शिंपीकाका आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, मला आवाजावरून ओळखलं. चहा आला. मी पटाचा विषय काढला.

"आप्पानी का म्हून सोडलं खेळणं, आमाला कदी कळलंच न्हाई," ते म्हणाले. ते सांगत गेले, की चौथा भिडू त्यांनी दुसरा कुणी घेतला नाही. तुमच्या सोंगट्या पटावर मांडायचेच, आणि तिघं पाळीपाळीनं चालवायचे. "लई वर्सं चालवल्या. आन् दुकान बंद करताना आप्पा रोज इचारायचे, आज माझं काय झालं? मी जितलो का हरलो?"

मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. चहा संपवला, पाया पडलो आणि शेवटची जीप धरून निघालो.

सोमवारी सरांकडं गेलो आणि सात नंबर म्हणजे मीच, एवढं तरी सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. वहीतली ती पानं चाळली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा खेळाडू काढून टाका. बाकी काम चांगलं आहे." मग दोन दिवस बसून मी काढला. आता निबंधात सहाच आहेत, आणि तो वैद्यही गेला, कारण तो त्या सहांपैकी कुणाला भेटलाच नव्हता. जे उरलंय ते बरोबर आहे, पण वाचताना माझं लक्ष लागत नाही.

तुम्ही काकांना कारण सांगितलं नाहीत, म्हणजे माझं नाव घेतलं नाहीत. पंचवीस वर्षांनी मला ते कळलं. तुम्हाला तेव्हा त्या पटावर काय मिळत होतं तेही आता कळलं, पण कळून तुमच्या काही उपयोगाचं नाही.

सरांना मी शब्द दिलाय, की निरीक्षणाचं काम संपलं, आता कॅफेत पाऊल टाकणार नाही. ते दुसरं खोटं. हे पत्रसुद्धा मी तिथंच बसून लिहितोय, फोनची लाइन लागेपर्यंत वेळ जावा म्हणून.