गिअर पडत नाही

मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

मान वाकवून नमस्कार. आदर आहेच, पण मान कालपासून तशीही वाकलेलीच आहे. का ते पुढे कळेल. वहिनीला नमस्कार आणि पोरांना माझ्यातर्फे एकेक धपाटा. घरी सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि बाबा.

फोन न करता कुरिअरने पत्र का, असं तुला वाटेल. एरवी बाबांना शेजारी बसून सांगितलेलं ऐकू येत नाही, पण माझा फोन वाजला की त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

तर गाडी. गेल्या आठवड्यात बाबांनी तुला सांगितलं, ‘गिअर पडत नाही,’ आणि तू हुरळून गेलास. साहजिकच आहे. जेवताना तू ‘बाबा, किल्ली द्या आणि गाडी विकून टाकू’ म्हणालास, तेव्हापासून वर्षभर त्यांनी तुझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं आहे. तब्येत कशी आहे? गाडी उत्तम आहे. झोप लागते का? गाडी उत्तम आहे. आणि आता अचानक गाडी उत्तम नाही! गिअरबॉक्सच्या कारखान्यात केस पिकवलेल्या माणसाला खुद्द वडिलांनी गिअरबद्दल विचारावं, म्हणजे तुझा जाहीर सत्कारच. तू तपासण्यांचं लांबलचक भेंडोळं पाठवलंस. त्याचा हा अहवाल.

घाई एवढ्याचसाठी की रविवारी तुम्हा सगळ्यांना स्टेशनवर घ्यायला ते स्वतः गाडी घेऊन येणार आहेत. हा तह आहे, हे तुलाही कळलं असेल. त्यांनी शर्टसुद्धा काढून ठेवला आहे. आणि स्टेशनबाहेरचा तो चढ, मागच्या सीटवर तुझी पोरं. गिअर पडायलाच हवा.

पहिली तपासणी, इंजिन बंद ठेवून. सगळे गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसे पडले, रिव्हर्ससकट. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे दांडा शाबूत, संशय क्लचवर. मग इंजिन चालू केलं. बाबांनी पहिला टाकला, दांडा अडून बसला. रिव्हर्स टाकला आणि अशी करकर झाली की समोरच्या बाई गॅलरीत येऊन आमच्याकडे सांत्वनाला आल्यासारख्या बघू लागल्या. क्लच दाबूनही इंजिन गिअरबॉक्सचा हात सोडत नाही, असं तू लिहिलं होतंस ते हेच असावं.

पेडलखाली चटई अडकते का पाहा, म्हणालास. चटई काढली. एक चिकट पेपरमिंट, माझं हरवलेलं कानातलं आणि ओंजळभर वाळू निघाली. कानातलं मिळाल्याबद्दल आभार. करकर कायम.

मग गॅरेजवाला आला. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला, आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाला, “ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

“आधी चालवून तर बघा!”

त्याने चालवली. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे मुकाट पडले. बिचाऱ्याचा चेहराच पडला. “आत्ता पडतोय,” तो म्हणाला, “पण उतरवलेला बरा.” मग मी चालवली. मुकाट. बाबा बसले. करकर.

“बघा!” दोघं एकदम ओरडले. इतकं एकमत मी आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

इथे माझं कुतूहल चाळवलं. परक्या गॅरेजवाल्याला गाडी वश होते आणि जो माणूस दर रविवारी तिला आंघोळ घालतो त्याच्यावर खेकसते? गाडी आहे की सून? मग लक्षात आलं, की आवाज येतो तिकडेच आम्ही सगळे बघत होतो, दांड्याकडे. पण गिअर टाकतो हात, आणि पाडतो पाय.

काल संध्याकाळी बाबांना म्हटलं, चला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. मी शेजारी बसले आणि चष्म्याचं घर मुद्दाम खाली टाकलं. ते शोधायला म्हणून डोकं जे त्यांच्या पायांशी घातलं, ते बाहेर काढलंच नाही. मानेचं कारण कळलं ना आता?

दादा, पेडल अर्ध्यावर थांबत होतं.

“पूर्ण दाबलाय?” मी खालून विचारलं.

“मग काय, थोडा उद्यासाठी ठेवू? तुझ्या जन्माआधीपासून क्लच दाबतोय मी.”

“तसं नाही, खाली टेकलाय का?”

“टेकलाय! तू वर ये बघू, लोक बघतायत.”

टेकला नव्हता. त्यांना टेकल्यासारखा वाटत होता. मी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला आणि दाबला. पेडल सरळ खाली गेलं. “आता टाका,” म्हटलं. पहिला पडला. आवाजसुद्धा नाही.

बाबा काचेतून समोर बघत राहिले. समोर फक्त भिंत होती.

“बाबा, गिअर पडत नाही ते कळलं. तुम्ही पडलात का कुठे?”

“पडलो नाही,” ते म्हणाले. “जिन्यात बसलो.”

“कशाला?”

“बसायला कारण लागतं?”

“बरेचदा बसलात?”

“जिना मोठा आहे.”

घरी आल्यावर दाराशी त्यांच्या चपला पाहिल्या. उजवी टाचेला झिजली आहे, चारचौघांची झिजते तशी. डावी पुढच्या टोकाला, पार पातळ. म्हणजे ती कधीपासूनची फरशीवर घासत चालली आहे. गाडीची करकर अख्ख्या गल्लीने ऐकली. ही फरफर ऐकायला घरात एकटी मी होते, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत होते.

आज सकाळी चहा पिताना ते गुडघा चोळत होते. मधेच म्हणाले, “उतरवावा लागेल का गं?”

गिअरबॉक्सबद्दल विचारत नव्हते.

“आधी दाखवू तर या,” मी म्हटलं. “कधी कधी वरच्यावर भागतं.”

“इंजिनिअरला सांगू नकोस.”

“छे,” म्हटलं, आणि लगेच कागद घेऊन बसले. नसांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. बाबा यायला कबूल आहेत, फक्त आपल्याच गाडीने जायचं ही अट आहे. दुखणं काय, किती जुनं, मला माहीत नाही. तुझ्या भेंडोळ्यात त्याची तपासणी नव्हती.

रविवारचं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि मग तह मोडला असता. त्यांनीच विषय काढला. “जाताना तू चालव. शेजारून मला आवाज नीट ऐकू येईल.” थोड्या वेळाने, कप विसळताना, पाठ करून म्हणाले, “येताना किल्ली त्याच्याकडे देऊ. बघू दे काय बिघडलंय. एवढा शिकलाय कशाला?”

दादा, तू मागितलीस तेव्हा न दिलेली किल्ली ते रविवारी आपल्या हाताने तुला देतील आणि म्हणतील, “गिअर पडत नाही, बघ जरा.” तू बसशील, टाकशील, आणि तो पडेल. आता नीट ऐक, कारण हे तुझ्या अख्ख्या शिक्षणाच्या विरुद्ध आहे. ‘काहीच बिघडलेलं नाही’ असं म्हणू नकोस. क्लच अर्धाच दाब आणि रिव्हर्स टाक. एकदाच, पण स्टेशनबाहेरचे सगळे वळून बघतील अशी करकर होऊ दे. मग मान हलव आणि म्हण, “खरंच पडत नाही हो, बाबा.”

गिअरचा एखादा दात झिजेल. झिजू दे.

गाडी उत्तम आहे, दादा. तू ये.

तुझी,
त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेली,
चिंगी