पाण्यापासून जरा वर

बा, तुला लिहायला फार उशीर केला, माफ कर. तू गेल्यावर कितीदा तरी लिहायला बसलो, पण चौथी शिकलेल्या माणसाचा हात, दोन ओळींवर अडायचा. आज तुझ्या पणतीचं, माझ्या नातीचं सांगायचं आहे, आणि ते ज्याला नीट कळेल असं माणूस आता तांड्यात उरलं नाही.

ती राजस्थानात नोकरी करते. शहरातल्या लोकांना रानात पायी फिरवायचं, तंबूत मुक्कामाला ठेवायचं, असं काम. मुक्कामाच्या जागा आणि तिथवर जायच्या वाटा शोधणं हिच्याकडे. तू म्हणायचास, आपले लोक तिकडूनच बैलांवर माल लादून आले. मला वाटायचं, तिकडं नुसती वाळू, रान कुठलं? गेल्या हिवाळ्यात ती नवी जागा बघायला निघाली तेव्हा सुनेनं मला सोबत धाडलं. मी घरून पाण्याची कॅन भरून घेतली. आर्णीच्या स्टँडवरच पोरगी हसायला लागली. "दादा, तिथले लोक काय वाळू पेतेत? ठेवा न ते घरी." ठेवली नाही. गाडीत सगळा वेळ कॅन मांडीशी धरून बसलो.

पण बा, रान आहे तिथं. डोंगरांच्या आत शिरलं की उतारच्या उतार झाडांनी भरलेले. धोक म्हणून झाड आहे, आपल्या धावड्याचा चुलतभाऊ शोभेल असं. पळसही भेटला. ओळखीचा माणूस भेटावा तसा मी त्याच्या खोडाला हात लावला. पोरगी शेळ्या चारणाऱ्या एका बाईच्या मागं चालत होती, तिला विचारत होती, वाट फुटली की दगडावर दगड ठेवून खूण करत होती. मी मागून कुरकुरत होतो. "इथं बिबट्या असन. चाल माघारी." "असन त असन दादा, त्याचंच घर हाय."

मग खडकाच्या कुशीत पाण्याचा डोह लागला. मी तिथंच पिशवी टाकली. इतक्या कोरड्या मुलखात पाणी दिसल्यावर माणूस दुसरीकडं कुठं बसणार? तिच्या कंपनीचा मालक आमच्यासोबत होता, तोही खूश. "बस, यहीं टेंट लगेंगे. एकदम पानी पे." पोरगी म्हणाली, इथं नाही, वर सपाटी आहे तिथं. "शाम को गाँव की सारी बकरियाँ यहीं पीती हैं, सर. हम बैठ गए तो प्यासी लौटेंगी." मालक म्हणाला, "लोग पानी देखने आते हैं मैडम, बकरी नहीं."

मी तिची बाही ओढली. "मालक हाय तो. हो म्हण न माय, नोकरी जाईन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, पणजोबानं तुमची चूल उधळली ते तुम्हीच सांगितलं न मले? आता कायले घाबरता?"

तुला आठवतं का, बा? उमरखेडकडून बैल घेऊन आपण रानातून येतोय. मला नुकतं मिसरूड फुटलेलं. मी पुढं जाऊन नाल्याच्या डोहाशी बैल सोडतो, दगड मांडतो, पीठ भिजवतो. वाटतं, तू शाबासकी देशील. तू येतोस आणि काठीनं चुलीचे दगड उडवतोस. "काहून बे, पाण्याच्या तोंडावर बसतं? आपुन इथं बसलो त रानातलं जनावर पेईन कुठं?" भिजवलेल्या पिठाची परात उचलून मला चढावर जावं लागतं. रडतच गेलो होतो. दिवस मावळताना खाली चितळं पाण्यावर आली तेव्हा तू मला कोपरानं ढोसलंस.

तो राग मी फार वर्षं धरला. पोरीला ही गोष्ट सांगितली तीसुद्धा तुझी तक्रार म्हणूनच. ती ऐकणारीनं वेगळीच ऐकली.

पोरीमागं मी वर सपाटीवर गेलो; मालकही आला, पण रुसून खडकावर बसून राहिला. उन्हं कलल्यावर शेळ्या आल्या, त्यांच्यामागं ती बाई आली आणि आम्हाला वर बसलेलं पाहून तिनं हात केला. मालक कपडे झटकत उठला. म्हणाला, या खेपेला तुझ्या मनासारखं कर, पण लोक नाराज झाले तर पुढं तू नको. पोरगी "चालेल" म्हणाली. माझी छाती अशी भरून आली होती बा, की मला खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

आता आर्णीत चहाच्या दुकानात कुणी विचारलं, नात काय करते, तर मी पलीकडच्या बाकावर ऐकू जाईल असं सांगतो. "राजस्थानात पडाव निवडते आमची पोरगी."

आज त्या सपाटीवर तिची पहिली मंडळी मुक्कामाला आहे. त्यांना जागा आवडली की पाणी लांब म्हणून भांडले, काही कळत नाही. तिथं रेंज नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सकाळपासून फोन लावून राह्यलो. सुनेनं विचारलं तर म्हणालो, टाइम पाहतो. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं तेही मला माहीत नाही. पण तू त्या वाटा माझ्याहून चांगल्या ओळखतोस. जरा त्या उतारावर जाऊन ये, पोरगी हसते का तेवढं बघ, आणि लवकर कळव, बा.