फरक सिद्ध झाला नाही, म्हणे

रवि. ७ जुलै
इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीतून आत्ताच आले. डोकं तापलंय. माझा रविवारचा मराठी वाचनवर्ग ऑगस्टपासून बंद करायचा म्हणे, हॉल योगवाल्यांना द्यायचा. कारण? "वर्गाचा काही उपयोग होत नाही हे सायन्सनं सिद्ध झालंय." इति सचिव दिगंबरराव. (यापुढे दि.रा. पूर्ण नाव लिहायचीसुद्धा इच्छा नाही.)

सायन्स म्हणजे यांचे जावई, अद्वैत. कुठल्याशा कंपनीत डेटाचं काम करतात. आकडे माझ्याच वहीतले. बारा मुलं. फेब्रुवारीत वर्ग सुरू झाला तेव्हाचे वाचनाचे वीसपैकी मार्क, आणि जूनअखेरचे. आठ मुलं वर गेली, चार खाली आली. पडद्यावर लाल अक्षरांत: पी-व्हॅल्यू ०.१९, नॉट सिग्निफिकंट.

म्हटलं, आठ पोरं सुधारलेली दिसत नाहीत का? तर दि.रा., "ताई, तुम्ही उगं परेशान व्हायलात. आठ-चार असं होतंच की. नशीब म्हणा." सगळे हसले. चोवीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय, आणि मला आकडे कळत नाहीत!

मंगळ. ९ जुलै
शाळा सुटल्यावर थेट विद्यानगर, मैत्रेयीकडे. धाकट्या बहिणीची मुलगी. एम.ए. करते, सायकॉलॉजी, त्यांना स्टॅटिस्टिक्स कंपल्सरी. म्हटलं, शिकव मला, आत्ताच्या आत्ता.

"लाइट घे ना मावशी, टेन्शन नको. आधी असं धरून चाल की वर्ग बेकार आहे."
"का म्हणून धरू?"
"अगं, धरायचंच असतं. मग बघायचं, वर्ग बेकार असताना पण आठ पोट्टे वर जाणं किती कॉमन आहे. खूप रेअर निघालं तर म्हणायचं, नाही बाबा, बेकार नाही."

म्हणजे माझी मेहनत वाया गेली असं गृहीत धरून सुरुवात. आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी पण माझीच. हा कुठला न्याय? तिचं म्हणणं, रूल सगळ्यांना सेम आहे, औषधालासुद्धा. असेल. राग येतोच.

गुरु. ११ जुलै
तिनं सांगितलेला प्रयोग केला. वर्ग बेकार असेल तर मूल वर जाणं की खाली येणं हे नाणं उडवल्यासारखं. बारा नाणी, बिस्किटाचा रिकामा डबा. हलवायचा, ओतायचा, छाप किती ते बघायचं. शंभर वेळा. हे समोर बसून रेघा ओढत होते. साठाव्या वेळेला म्हणाले, "चहा तरी मिळेल का?"

शंभरात एकवीस वेळा आठ किंवा जास्त छाप.

म्हणजे अद्वैतचा आकडा बरोबर आहे, ०.१९ म्हणजे शंभरात एकोणीस. नाण्यांनी काही एक न शिकता पाच खेपांत एकदा माझ्या वर्गाइतकं करून दाखवलं. फार वाईट वाटलं. डबा कपाटात ठेवून दिला.

मग भांडी घासताना लक्षात आलं. नाणी *पण* असं करू शकतात एवढंच यातून कळतं. नाण्यांनीच केलं हे कुठं कळतं? एका फळीवर बघायचं आणि म्हणायचं, चष्मा घरात नाही. बारा मुलांत लहानसा फरक पडला तर तो दिसणारच नाही, तो असो वा नसो.

अद्वैतला फोन लावला. भांडायलाच लावला होता. पण पोरगा सरळ निघाला. "आंटी, मी फरक सिद्ध झाला नाही एवढंच लिहिलं होतं. फरक नाही असं मी कधीच नाही म्हणालो. ते सासऱ्यांचं." मग बैठकीत तोंडाला कुलूप का लावलं होतंस? "सासरे आहेत, आंटी." घ्या!

रवि. १४ जुलै
वर्ग झाल्यावर वही घेऊन बसले. आठांतली पाच मुलं एखाद-दोन मार्कांनीच वर आहेत. पण तिघं! निखिल चारवरून तेरा. बाकीची दोघं पण तशीच, पाचवरून चौदा, तीनवरून बारा. हे का नाही दाखवलं कोणी पडद्यावर? ठरवलं, पुढच्या बैठकीत ही तीनच नावं घेऊन उभं राहायचं.

मै.ला फोनवर वाचून दाखवलं. "नक्को मावशी. पेपर बघून मग सिलॅबस ठरवल्यासारखं झालं हे. ज्यांचे मार्क वाढले तेच निवडायचे, मग मार्क वाढले म्हणायचं." मी फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी पुन्हा केला, माफी मागायला. तेव्हा म्हणाली, "पण हे तिघं वेगळे का, हे मात्र विचार. ते विचारायला कोणी नाही म्हटलं नाही."

मंगळ. १६ जुलै
नामपल्लीला गेले, निखिलच्या आईला भेटायला. सुजाता, स्टेशनवर रिझर्व्हेशनला असते. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, पण जन्म इथलाच. ड्यूटी सुटल्यावर बाहेर चहाला उभ्या राहिलो. मला वाटलं होतं घरी शिकवणी लावली असेल.

"नाही हो मॅडम. मी घरी काहीच घेत नाही, टाइम कुठंय?" मग तिनंच विचारलं, "तुम्ही पहिला पेपर आरतीचा दिला होता ना?"
हो.
"बाकीच्या पोरांनी ती म्हणली. आमच्या पोरानं वाचली. आमच्या घरात बुद्धवंदना असते, आरती नाही. तुम्ही म्हणताय ती दुसरी दोघं पण आमच्यातलीच. निखिल घरी येऊन म्हणला, मम्मी, सगळ्यांना वाचता येतंय, मलाच येत नाही. दोन दिवस धड जेवला नाही."
तेव्हाच का नाही सांगितलंस?
"सांगून काय होणार होतं? पुन्हा आमचंच कायतरी वेगळं, असं झालं असतं."

चहा तसाच राहिला. गणपतीच्या कार्यक्रमाचा छापील कागद हाताशी होता, म्हणून तो दिला होता. अक्षर मोठं, छपाई स्वच्छ. आणि सगळ्यांच्या ओळखीची, पोरं बुजणार नाहीत, असा विचारसुद्धा केला होता मी. सगळ्यांच्या!

शनि. २० जुलै
चार दिवस काही लिहिलं नाही. स्वतःचाच इतका राग आलाय की दि.रां.चा पुरत नाही.

नऊ मुलांनी फेब्रुवारीत पाठ असलेली आरती म्हटली, शेवटच्या कडव्यांत अडखळली, चौदा-पंधरा मार्क मिळाले. जूनमध्ये न पाहिलेला धडा वाचला, तेवढेच मिळाले. मी त्याला वाचन म्हटलं. अद्वैतनं त्यावर गणित केलं, गणित चोख. दि.रां.नी त्यावर वर्ग बंद केला. सगळ्यांच्या मुळाशी माझा कागद.

या आकड्यांवरून वर्ग बेकार आहे असं म्हणता येत नाही. चांगला आहे असंही म्हणता येत नाही. ते तीन जण सुधारले असं माझं मन म्हणतं, पण तीनच जण. आणि माझ्या मनाची परीक्षा तर आता झालीच.

रवि. २१ जुलै
बैठकीत सगळं सांगितलं. सुजाताला नको म्हटलं होतं, तरी आली.

दि.रा.: "म्हंजे आता मार्क कमी पडले म्हणून पेपरच चुकीचा, हौ की नाही?"
म्हटलं, पेपर मीच काढला होता. माझी चूक सांगायला उभी आहे, लपवायला नाही.
दि.रा.: "पण आरती तर सगळ्यांचीच असते."
सुजाता बसल्या जागेवरून: "असेल साहेब. मार्क मात्र माझ्या पोराचे होते."

अद्वैतनं घसा खाकरला आणि पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर तोंड उघडलं: आधीचे आकडे सोडून द्यावेत, नवी चाचणी आत्ता घ्यावी, पुन्हा डिसेंबरमध्ये, तोवर वर्ग चालू ठेवावा. दोन्ही वेळा कोणी न पाहिलेला मजकूर. आणि किती मुलं वर गेली म्हणजे वर्ग चालू राहील, हे याच आठवड्यात लिहून द्यावं. नंतर बदलायचं नाही. दि.रा. लगेच, "हां, लिहूनच द्या ताई." जणू मीच पळून जाणारी आहे.

गुरु. २५ जुलै
आकडा ठरवायला बसले. मै.नं हिशेब करून दिला. वर्ग बेकार असेल तर बारांत नऊ किंवा जास्त वर जायची शक्यता शंभरात सात. दहा किंवा जास्तची, शंभरात दोन. नुसत्या नशिबानं तसं व्हायची शक्यता शंभरात पाचाहून कमी असली तरच फरक मानायचा, ही मर्यादा. म्हणजे दहा.

नऊ पोरं शिकली तरी वर्ग बंद! हे पाच कोणी ठरवलं? कोणत्या देवानं? मै. म्हणते, "कोणीच नाही, बस, सगळे पाचच घेतात. पण मावशी, तुला नऊ मिळाल्यावर सात चालले असते, आठ मिळाल्यावर वीस. म्हणून आधी लिहायचं." मुलं जास्त असती तर बरं झालं असतं, पण आहेत ती बाराच.

दहा लिहिलं. सही केली. कागद दि.रां.च्या हातात दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, वाचलासुद्धा नाही.

रवि. ४ ऑगस्ट
आज नवी पहिली चाचणी. मजकूर मै.नं लिहिला, सुलतान बाजारात दप्तर घ्यायला गेलेल्या मुलीचा. आरती नाही, वंदना नाही, कोणाच्याच घरचं काही नाही. बाजूच्या खोलीत एकेक मूल.

निखिल नीट वाचत गेला. पंधरा. मला वाटलं, अरे, इतके आत्ताच? डिसेंबरात कुठे जागा राहणार याला? असा विचार आला खरा.

मग वेदांत. आठ वर्षांचा, फेब्रुवारीत आरती सगळ्यांत खड्या आवाजात म्हणणारा. दुसऱ्याच ओळीत अडकला. 'दुकानदारानं'वर बोट ठेवून बसला. मी पेन्सिल उचलली आणि मला बरं वाटलं. एक शब्द चुकला, म्हणजे डिसेंबरात वर जायला एक पायरी. सहा महिने ज्याला हाताला धरून जोडाक्षरं शिकवली, ते पोर अडखळलं आणि मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाही म्हणेन.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अडला की असाच बघतो, आणि मी पहिलं अक्षर सांगते. आज नियमानं सांगायचं नव्हतं. मी नियमच पाळला.

वेदांतला सहा.