आभाळात गेलेल्याची बारा वर्षे

१४ सप्टेंबर १९६५
पोस्टमन तार घेऊन थेट नववीच्या वर्गात आला. इंग्रजी, म्हणून माझ्याकडे. शालनच्या नावाची. तिचा नवरा दत्ताराम बेपत्ता. विमान परतले नाही.
चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो. दत्तारामची आई पारूकाकू मासळी निवडत होती, शालन टोपली धरून.
'बेपत्ता म्हंजे मेलो काय, मास्तरांनू?' काकूने विचारले.
'नाही. सापडलेला नाही.'
'मगे असे कित्याक उबे रवलास, मडां घेवन इल्यासारके?'

१६ सप्टें.
वाचनालयात जुने कात्रण काढून पाहिले. मुंबईच्या कॉलेजची फुटबॉल टीम, हातात चषक. दत्ताराम पुढे बसलेला, मागे आचऱ्याचा भाई प्रभू, त्यांचा गोली. ओहोटीच्या वाळूत अनवाणी खेळलेला आमचा मासेमारांच्या गाबितवाड्यातला दत्ताराम. त्याच्या डाव्या पायाला मुंबईत तोड नव्हती. दोघांच्या सत्काराला मीच बोललो होतो. 'चेंडू अडवणारे पुष्कळ आहेत. देशाला आभाळ अडवणारे हवेत!' वर्षाच्या आत दोघे हवाई दलात. नवरा समुद्रात गमावलेली काकू तेव्हा म्हणाली होती, 'दर्यान घोव नेलो, आता आभाळाक झील दितंय.'
भाषण चांगले होते. आजही म्हणतो.

३ ऑक्टोबर
भाई प्रभू रजेवर आला. उजवा हात भाजलेला, पट्टीत. वाचनालयाच्या पायरीवर बसून सांगितले. ढगात दोघे शिरले, बाहेर हा एकटा. खाली धूर. हवाई छत्री दिसली नाही.
'नव्हती, की दिसली नाही?'
'वळून किती बघणार, मास्तर? माझ्याही पाठीवर शत्रूचे विमान होते ना.'

४ ऑक्टो.
वाडीने ठरवले: बारा वर्षे वाट पाहायची. दर्यात गेलेल्याला हाच नियम. दत्तारामच्या बापाची काकूने बारा वर्षे वाट पाहिली. कुंकू लावून रोज संध्याकाळी किनाऱ्यावर. तेराव्या वर्षी दर्भाचा पुतळा जाळला आणि कुंकू पुसले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शालन बावीस वर्षांची आहे. होणार नाही. एवढी पुस्तके वाचली ती काय झोपाळ्यावर बसून डुलायला?
काकूला तसे सांगितले. म्हणाली, 'दर्यात गेल्ल्याक बारा वर्सां. आभाळात गेल्ल्याक बारा म्हयने पण नाय?'
रविवारी सभा घेतो. दत्ताराम हुतात्मा झाला हे स्पष्ट सांगायचे. आणि त्याच दमात हेही, की शालनची बांगडी फुटणार नाही, कुंकू पुसले जाणार नाही, ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगला रत्नागिरीला जाईल. दोन्ही एकाच भाषणात.

९ ऑक्टो.
प्रभू अडून बसला. 'मेला असे मी म्हणणार नाही.'
'मग धुराचे तेवढे सांग. पुढचे मी बघतो.'
'गोल झाला की नाही हे गोली ठरवत नाही, मास्तर. पंच ठरवतो.'
'मग पंच मी.'
हसला. बरे हसला नाही.

१० ऑक्टो., रविवार
माणूस मावत नव्हता. प्रभू दोन वाक्ये बोलून खाली बसला. मी सव्वा तास. 'दत्ताराम आता येणार नाही!' म्हटले तेव्हा समुद्र ऐकू येत होता. मग बांगड्यांचे, रूढींचे. टाळ्या. म्हातारेसुद्धा टाळ्या वाजवत होते.
दहा वर्षांत असे बोललो नव्हतो.

११ ऑक्टो.
सकाळी कोणीतरी सांगितले म्हणून धावत गेलो. दर्भाचा पुतळा जळून गेला होता. बायका शालनचे हात किनाऱ्याच्या काळ्या खडपावर धरून बांगड्या फोडत होत्या. ओरडलो, 'काल काय सांगितले मी?'
वाडीचा प्रमुख, गावकर, शांतपणे म्हणाला, 'मेलो म्हणान सांगलास. म्हणान तर करतव.'
'आणि बांगड्यांचे?'
'तां तुमचां भाषण.'
शालनच्या मनगटावर रक्त. काकू किनाऱ्यावर आलीच नाही.
माझ्या बोलण्यातला अर्धा भाग घेतला त्यांनी. अर्धाच.

२० नोव्हें.
शालनच्या ट्रेनिंगचा फॉर्म घरून कोराच परत. विधवेने वर्षभर उंबरठा ओलांडायचा नाही म्हणे. शाळेत 'हुतात्मा दत्ताराम' निबंधाला विषय दिला. छत्तीस वह्या. प्रत्येकीत माझीच वाक्ये.

१२ जानेवारी १९६६
प्रभूचे पत्र. पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आलेला एक जखमी जवान त्याला इस्पितळात भेटला. तो सांगतो, तिथल्या आवारात आपला एक अधिकारी होता, हात प्लॅस्टरमध्ये, तोंडावर पट्ट्या. दिवसभर चिंध्यांचा चेंडू भिंतीवर मारायचा. डाव्या पायाने. नाव माहीत नाही. मग त्याला दुसरीकडे नेले. 'डाव्या पायाचे पुष्कळ असतात, मास्तर. कैद्यांची पुरी यादी अजून आलेली नाही. घरी सांगायचे की नाही, तुम्ही ठरवा. पंच तुम्ही.'

१३, १४ जाने.
पत्र खिशात. दोन सभांना नाही म्हटले. घसा बसला असे सांगितले.

१५ जाने.
दिले. शालनने उभ्यानेच दोनदा वाचले. मी म्हटले, 'पुरावा नाही, शालन.'
'तेवा खंय होतो?'
तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, 'सोमवारच्या बाजारात कासार येता. मी तेच्याफुडे हात धरतलंय. तो गावाक भियाता, भरूचो नाय. तुमी येवा. तुमी सांगलास काय भरतलो.'
'यादीत नाव नसले तर?'
आतून काकू: 'तर ह्या टायमाक मास्तरांच्या डोक्यार फोडूया गो!' आणि हसली. तार आल्यापासून पहिल्यांदा हसताना ऐकले तिला. ते ऐकवले नाही.
शालन हसली नाही. 'आणि भाषण नको हां,' म्हणाली. 'काय तां एका शब्दात.'

१६ जाने., रविवार
कासाराला भर म्हटले आणि दत्ताराम नसला, तर सगळ्या गावादेखत तेच हात पुन्हा त्याच खडपावर. नको म्हटले आणि तो असला, तर जिवंत माणसाला मी दुसऱ्यांदा जाळला.
सवयीने तयारीला बसलो. 'बंधुभगिनींनो' लिहिले. खोडले.
उद्या बाजार नऊला भरतो.