भेंडीच्या भाजीला आई

मृदुला,

मी ओरगडमला कामावर निघालो. शेतावर भरलेल्या अवनीच्या उन्हाळी शिबिराचा आज शेवटचा दिवस. मुलांनी आपल्या वाफ्यातली भेंडी तोडायची आणि आयांनी तिथेच चुलीवर भाजी करायची, अशी तिथली पद्धत आहे.

काल शिबिराच्या मॅडमचा फोन आला. "अवनी सांगते, माझ्या आईसारखी भेंडी कुणालाच जमत नाही. येणार ना त्या?" मी हो म्हणून बसलो. तुझी ताई आता नाही, हे तोंडातून निघालंच नाही.

जेवताना अवनीला समजवायला गेलो, तर म्हणाली, "मला माहितीये, बाबा. पण तिथे कुणाला माहीत नाही. तिथे नका ना सांगू."

मला तिथे उभं राहवणार नाही. तू जा. तुलाही जड जाईल, पण दुसरं कोण आहे? शिबिराची गाडी खाली गेटवर येते. खोबरं खवून फ्रिजमध्ये ठेवलंय, ताई घालायची तेवढं घाल. अवनीची टोपी विसरू नकोस.

हे पुढे कसं निभवायचं, मला काही सुचत नाही. आज तिने सगळ्यांसमोर तुला आई म्हणून हाक मारली, तर ओ दे.

देवेश